शिसंच खराब होतं

वाटीभर शिसं वितळवायचं असलं, तरी ढोमणेकाकाजी आधी भोंगा वाजवतात. भोंगा म्हणजे सायकलरिक्षाचा रबरी हॉर्न. तो त्यांनी अंगणातल्या पेरूच्या झाडाला तारेनं बांधून ठेवला आहे. भोंगा झाला की डोक्यावर पिवळं हेल्मेट चढतं, हातात कोपरापर्यंतचे चामडी मोजे येतात, आणि अंगणात चिटपाखरू नसताना काकाजी आरोळी ठोकतात, "हटो! हटो! मेटल आ रहा है!"

मेटल येत असतं ते एका लोखंडी पळीतून. शेगडीवरून उचलायचं आणि हातभर अंतरावरच्या विटेच्या साच्यात ओतायचं, एवढाच त्याचा प्रवास. पण काकाजी ती पळी अशी धरतात, जणू क्रेनला टांगलेलं डोंगराएवढं भांडं एकटेच तोलून राहिले आहेत. पेरूवरची चिमणी तेवढी हटते. तिला सवय झालेली नाही. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या आमच्या गल्लीला झाली आहे. भोंगा ऐकला की समोरच्या घरातल्या बाई आत ओरडून सांगतात, "कपडे अंदर लो, अंकल का प्लांट चालू हो गया."

काकाजींचं अख्खं आयुष्य जामुलकडच्या एका लहानशा फौंड्रीत गेलं. मोल्डर होते. मातीचे साचे बांधायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. भिलाईत मोठ्या प्लांटची नोकरी असली तरच माणूस नोकरीवाला. बाकीचे आम्ही सगळे नुसते कामावर जाणारे. काकाजींना हे मान्य नव्हतं. "प्लांटवाले लोखंड बनवते, बरोबर आहे," ते म्हणायचे. "पन त्याले आकार कोन देते? देव माती बनवते. मडकं त थोडीच बनवते!" फौंड्री बंद पडली, शेड विकली गेली, तिथे आता टाइल्सचं गोदाम आहे. पण काकाजी काही निवृत्त झाले नाहीत. हेल्मेट आणि मोजे घरी घेऊन आले, इतकंच.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. पुसदकडचा आहे. नववीत शाळा सुटली, मग जिथे काम तिथे गाव असं करत करत खुर्सीपारच्या टायरच्या दुकानापर्यंत पोचलो. बायको-पोरं गावाकडे. माझा स्वभाव घाबरट. गॅस बंद केला की नाही हे पाहायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येणारा माणूस. असा माणूस भट्टी पेटवणाऱ्याच्या घरात येऊन पडला, ही नशिबाची गंमत. पण नव्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा काकाजींनी माझी पिशवी आणि माझं तोंड पाहून एवढंच विचारलं होतं, "जेवला का?" आणि दुसऱ्या दिवशी टायरवाल्या शेठजीला जाऊन सांगितलं, "घरचा पोट्टा आहे." घरचा! माझं आडनावही तेव्हा त्यांना नीट माहीत नव्हतं. ते एक वाक्य मी अजून पांघरून झोपतो.

त्यामुळे चाकाच्या रिमवर ठोकायची शिशाची जुनी वजनं दुकानात निघाली की ती गोळा करून आणायचं काम मी आनंदानं केलं. शिशाचा धूर वाईट, हे मी ऐकून होतो. म्हणून शेगडी अंगणातच, तोंडाला फडकं, स्वयंपाकाच्या भांड्याला हात लावायचा नाही आणि नंतर साबणानं हात धुवायचे, एवढे नियम मी त्यांना घातले. काकाजी चिडायचे. "अबे, जनमभर भट्टीचा धूर खाल्ला मी. हे त उदबत्ती आहे!" पण काम झालं की नळावर जाऊन हात धुवायचे आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही तळवे माझ्यापुढे धरायचे. "घे. पाय. झालं समाधान?"

नागपूरहून मुलीचा फोन यायचा. "बाबा, काय करून राहिले?"

"उत्पादन," काकाजी म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

हे उत्पादन कशासाठी होतं, ते सांगायला हवं.

मंगल निषाद म्हणून काकाजींचा फौंड्रीतला जोडीदार. जातीनं केवट, म्हणजे कोळी. आठवडाभर लोखंड आणि रविवारी तलाव, असा त्याचा हिशेब. जामुलजवळच्या वस्तीत, तलावाच्या काठीच त्याचं घर. मी त्याला मंगलकाका म्हणायचो. काकाजी मात्र त्याला नावानं कधीच हाक मारत नसत. "मितान" म्हणत. छत्तीसगडात मैत्रीचंही लग्न लागतं, म्हटलं तरी चालेल. दोन माणसं चार लोकांसमोर नारळ फोडतात, जवारे म्हणजे गव्हाचे कोवळे कोंब एकमेकांच्या कानावर खोचतात आणि मितान होतात. मग दोन्ही घरांची सुखदुःखं एक. आणि त्या दिवसापासून एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नाहीत, तसं. ढोमणेकाकाजी भंडाऱ्याकडचे, मराठी माणूस. पण जवानीत हे बंधन त्यांनी घेतलं आणि पाळलं. मंगलकाका घरी आले की कोण आलं, हे आत सांगताना काकाजी म्हणत, "आले." काकू होत्या तोवर त्यांना तेवढ्यावर कळायचं.

रविवारी सकाळी दोघं तलावावर. मंगलकाका जाळं फेकायचे, काकाजी काठावर बसून सूचना द्यायचे. फेकायचं जाळं गोल असतं. त्याच्या काठाला सगळीकडून शिशाचे मणी ओवलेले असतात. खांद्यावरून फिरवून फेकलं की हवेत ते छत्रीसारखं उघडतं, मण्यांच्या वजनानं सगळीकडून एकदम पाण्यात बसतं, आणि खालची मासळी आत. मंगलकाकांचं जाळं असं उघडायचं की पाण्यावर कुणीतरी परात ठेवली असं वाटावं. काकाजी स्वतः मासा खात नव्हते. ते फक्त तो गोल पाहायला जायचे. "गोल म्हंजे गोल!" ते दर फेकीला म्हणायचे. त्यांच्याकडून हीच शाबासकी. फौंड्रीतही म्हणे त्यांनी यापलीकडे कुणाची स्तुती केली नाही.

एका रविवारी मीही गेलो होतो. सुटी होती. घाटावर बाया कपडे धूत होत्या, पोरं डुंबत होती, चारदोन रिकामे लोक बिड्या ओढत बसलेले. मंगलकाकांनी जाळं फेकलं. ते उघडलंच नाही. ओल्या फडक्याचा बोळा पडावा तसं थप्पकन पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तसंच. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मला काठावरून दिसत होतं. काकाजींनाही दिसलं असणार. पण लोक पाहत होते, आणि काकाजींना चार लोकांत गंमत करायची खोड.

"जाळं फेकून राहिला का धोतर पिळून राहिला बे, मंगल्या!" ते ओरडले. "म्हातारा झाला तू!"

लोक हसले. मग एकदम हसायचे थांबले. घाटावरच्या बाया हातातला कपडा तसाच धरून वर पाहू लागल्या. म्हातारा म्हटल्याचं काही नव्हतं. दोघं एकमेकांना याहून वाईट बोलायचे. पण मितानानं मितानाचं नाव घेतलं होतं. तेही 'मंगल्या'. तेही घाटावर.

मंगलकाकांनी जाळं ओढून घेतलं. पिळलं नाही, झटकलं नाही, तसंच डाव्या खांद्यावर टाकलं. काकाजींसमोरून जाताना थांबले आणि म्हणाले, "चलत हंव, ढोमणे साहब."

ढोमणे साहब! फौंड्रीच्या मालकानंसुद्धा काकाजींना कधी साहेब म्हटलं नव्हतं. त्या शब्दासरशी काकाजी मातीच्या कच्च्या साच्यासारखे बसल्या जागी खचले.

परतताना मी स्कूटर चालवत होतो, काकाजी मागे. हुडकोचं वळण आलं. मग माझ्या कानामागून आवाज आला, "शिसं खराब होतं."

"काय?"

"त्याच्या जाळ्याचं शिसं. बाजारातलं. एक चपटं, एक वाकडं, एक जड, एक हलकं. मंग जाळं काय उघडन? सांग ना!"

तेच जाळं मागच्या रविवारी परातीसारखं उघडल्याचं काकाजींनीच मला सांगितलं होतं.

"मी बनवून देतो," काकाजी म्हणाले. "गोल म्हंजे गोल."

संध्याकाळी मी भीत भीत म्हटलं, "काकाजी, एकडाव जाऊन या ना त्यांच्या घरी."

"जाऊन काय म्हनू?"

"चुकलं म्हना."

उघड्या हातानं पळी उचल असं मी सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माहं काय चुकलं? मी सांगतलं ना तुले. शिसं खराब होतं."

झालं. तिथून आमच्या अंगणात कारखाना सुरू झाला. मंगलकाकांनी जाळं खुंटीला टांगलं, तलावावर जाणं सोडलं, ही बातमी जामुलच्या बसमधून आमच्यापर्यंत आली होती. काकाजींना ते जाळं खुंटीवरून उतरवायचं होतं. आणि मितान हा शब्द परत ऐकायचा होता. हे दुसरं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण भाजीवाल्यानं कुणा दुसऱ्याला "का हो मितान" म्हटलं, तरी त्यांची मान तिकडे वळायची.

पहिला साचा मातीचा. तो तडकला. दुसरा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. माझ्या दोन साबणदाण्यांत प्लास्टर भरलं, मधे कंचा म्हणजे काचेची गोटी दाबली, वर टाल्कम पावडर. माझे साबण तेव्हापासून कागदावर राहतात. दिवस पावसाळ्याचे. प्लास्टर वरून कोरडं दिसत होतं. ओल्या साच्यात कधी ओतू नये, हे काकाजींनी आयुष्यभर पोरांना शिव्या देऊन शिकवलेलं. आणि त्या दिवशी स्वतःच धीर धरला नाही. भोंगा, हेल्मेट, "हटो हटो!" आणि ओतलं.

फट्ट! साचा फुटला आणि शिसं चारी दिशांना उडालं. एक थेंब हेल्मेटवर बसला. तो अजून आहे. दुसरा दोरीवरच्या माझ्या बनियनमधून आरपार गेला. मी घरात पळालो होतो. परत आलो तेव्हा काकाजी बनियन उजेडात धरून भोकातून पलीकडे पाहत होते.

"पाय बे संत्या," ते मला म्हणाले. "हे निघालं एकदम गोल."

पण मग हेल्मेट काढून त्या फुटक्या साच्यापुढे बसले. "आत ओल होती," हळूच म्हणाले. "आत ओल असली आनं वरून गरम ओतलं, का उडतेच." मग उठले आणि झाडू आणायला गेले.

तिसरा साचा विटेचा, तीच पद्धत आजतागायत आहे. भट्टीला लावायची मऊ, हलकी वीट त्यांनी कुठून तरी पैदा केली. आरीनं तिचे दोन तुकडे केले आणि एकमेकांवर घासून घासून असे सपाट केले की मधे कागद सरकू नये. मग बेअरिंगचा गोल छर्रा दोघांच्या मधे ठेवून, बारीक वाळू टाकून, जात्यासारखं फिरवायचं. फिरवत फिरवत दोन्ही तुकड्यांत अर्धा-अर्धा गोल कोरला गेला. तुकडे सरकू नयेत म्हणून खिळ्यांच्या खुंट्या. वरून ओतायला नरसाळ्यासारखी वाट. बाजूनं सुईनं ओढलेल्या बारीक रेघा, आतली हवा निघून जायला. "धातूलेबी श्वास सोडाले जागा लागते," काकाजी म्हणाले. "नाई त वांधा होते." आतून मेणबत्तीची काजळी धरायची, म्हणजे शिसं चिकटत नाही. आणि मण्याला भोक हवं म्हणून काजळी धरलेली सायकलची तार आरपार घालून ठेवायची. साचा उन्हात वाळवला, मग शेगडीजवळ वाळवला, मग परत उन्हात. या वेळी घाई नव्हती. पाऊस आला की मूल पदराआड धरावं तसा साचा सदऱ्याआड धरून आत पळायचे.

पहिला मणी निघाला तेव्हा त्याला ओतलेल्या वाटेचं शेपूट होतं. ते कापलं, कानस मारली, आणि काकाजींनी तो आरशावर ठेवून सोडला. मणी घरंगळला आणि कुशीवर वळल्यासारखा एका अंगावर थांबला. "झुकते," काकाजी म्हणाले. "रिजेक्ट." असे रिजेक्ट मणी घरभर झाले. कॅलेंडरला मणी, पडद्यांना मणी, टॉवेलच्या चार टोकांना मणी. वारा आला की आमच्या घरात काही हलत नसे. शेजारी नवीन राहायला आलेल्या माणसानं कुंपणावरून हेल्मेट, धूर आणि शिशाच्या गोळ्या पाहिल्या आणि तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाईसाहब, ये गोली-वोली का क्या चक्कर है?" काकाजींनी एक मणी त्याच्या तळहातावर ठेवला. "देखो, छेद है. बंदूक की गोली में छेद रहता क्या? ये शांती का काम है." त्यालाही पडद्यासाठी चार मिळाले.

शेवटी आरशावर मणी सरळ घरंगळू लागले. काकाजींनी ते एका फडक्यात बांधले आणि मला जामुलला पाठवलं. "देजो. म्हनजो, शिसं खराब होतं. बाकी काई बोलू नको."

मंगलकाका ओसरीत बसले होते. जाळं खुंटीला. मी निरोप सांगितला. त्यांनी पुरचुंडी उघडून पाहिली, परत बांधली. "रख दे," म्हणाले. "ढोमणे साहब ला कहिबे, मोर जाली खूंटी मा बने हे." खुंटीवरच बरं आहे.

मी निरोप जसाच्या तसा आणला. काकाजींनी 'ढोमणे साहब' एवढंच ऐकलं. मग म्हणाले, "जड झाले असन. थोडे लहान करतो. तू बारीक छर्रा आन."

मी बाजूच्या मेकॅनिककडून बारीक छर्रा आणला. नवी वीट, नवा साचा, पुन्हा भोंगा. पुरचुंडी गेली. "रख दे." आणखी बारीक. "रख दे." मला काही केल्या कळेना. जाळ्याला वजन तर लागतंच. मणी असे बारीक होत गेले, तर जाळं पाण्यावर तरंगेल आणि मासे खालून टाटा करून जातील. "काकाजी, पुरे ना आता," मी म्हटलं. "हे त मोहरीचे दाणे झाले."

"तुले काय समजते त्यातलं?"

मग एक दिवस मी दुकानातून लवकर आलो. अंगणात काकाजी पाठमोरे. त्यांनी काकूंच्या वेळची जुनी मच्छरदाणी कापून तिच्या काठाला मणी शिवले होते आणि ते ती फेकून पाहत होते. आधी माझ्या स्कूटरवर पडली. मग दूधवाल्यावर पडली असती, पण तो वाकला. मी हसणार तेवढ्यात मला दिसलं. त्यांनी आपला उजवा दंड गमछ्यानं बरगड्यांशी आवळून बांधला होता. हात खांद्याच्या वर जाऊ नये म्हणून. तशा बांधलेल्या हातानं ते फेकत होते, मच्छरदाणी थप्पकन पडत होती, आणि ते एक-एक मणी तोडून त्या जागी बारीक मणी लावत होते.

मी फाटकाबाहेर गेलो, खोकलो आणि परत आलो. तोवर गमछा खांद्यावर आला होता.

"शिसं पाहून राहिलो," काकाजी म्हणाले.

ते सगळ्यात बारीक मणी घेऊन मी जामुलला गेलो. मंगलकाकांनी पुरचुंडी उघडली. मग आतून आधीच्या पुरचुंड्या आणल्या. एकही मणी वापरलेला नव्हता, एकही टाकलेला नव्हता. त्यांनी मोठ्यापासून बारकापर्यंत एकेक मणी ओसरीच्या कडेला ओळीनं मांडला. त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. आणि हसायला लागले. हसता हसता उजवा खांदा दुखला असावा, तो डाव्या हातानं धरून हसले.

"हर दारी छोटे होवत जावत हे," ते म्हणाले. "मितान हर मोर खांध ला तउलत हे."

दर वेळी मणी लहान, म्हणजे माझा खांदा तोलून राहिला आहे. मितान! मी तो शब्द ऐकला आणि उगाच चप्पल नीट करत खाली वाकलो.

"सीसा मा कुछु खोट नइ रिहिस, बाबू," मंगलकाका म्हणाले. शिशात काही खोट नव्हती. "मोर खांध गे हे. फेर मितान ला झन बताबे." खांदा गेलाय, पण त्याला सांगू नको. बिचारा एवढी मेहनत करून राहिला आहे. मी शब्द दिला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं तलावावर होतो. मी निरोप एवढाच दिला होता की जाळं खुंटीवरून उतरलं आहे. काकाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. घाटावरच्या बाया मात्र या वेळीही कपडे धुवायचे थांबून पाहत होत्या. मंगलकाका गुडघाभर पाण्यात उतरले, अंग वळवलं आणि खांद्याच्या खालूनच, सगळं शरीर फिरवून, जाळं सोडलं.

ते उघडलं. परातीसारखं नाही. मोडक्या छत्रीसारखं, एका बाजूनं चेपलेलं. आणि इतकं हलकं की पाण्यावर क्षणभर पसरूनच राहिलं, मग आळसावल्यासारखं खाली गेलं. तेवढ्या वेळात तलावातली सगळी मासळी सहकुटुंब पलीकडच्या काठाला गेली असणार.

"गोल!" काकाजी ओरडले. "गोल म्हंजे गोल!"

मंगलकाकांनी वळून पाहिलं. सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ए दारी सीसा बने हे, मितान!"

या वेळचं शिसं चांगलं आहे. काकाजींनी एकदम तोंड फिरवलं आणि मला म्हणाले, "धूर आहे बे इथं." धूर कुठेच नव्हता. जाळ्यात एक बोटभर मासा आणि एक चप्पल निघाली. मासा मंगलकाकांनी सोडून दिला. चप्पल काकाजींनी उलटसुलट करून पाहिली आणि कुणाचा तरी पाय अडला असेल म्हणून घाटावर नीट ठेवली.

त्यानंतर दर रविवारी हेच. जाळं मोडक्या छत्रीसारखं पडायचं, काकाजी गोल म्हणायचे, मंगलकाका शिशाची तारीफ करायचे, मासळी कधी यायची नाही. काकाजी 'चुकलं' म्हणाले नाहीत. मंगलकाका 'खांदा' म्हणाले नाहीत. मी दोघांच्या मधे बसून शेंगा सोलायचो आणि मनात म्हणायचो, आज बोलतील.

गेल्या थंडीत मंगलकाका झोपेतच गेले. काकाजींनी सख्ख्या भावासारखं डोकं मुंडवलं, सुतक पाळलं. मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, आपल्याले सुतक कावून?" काकाजी म्हणाले, "मितान होता." होता म्हणताना त्यांचा आवाज साच्यासारखा मधोमध उकलला आणि त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

दिवस झाल्यावर मंगलकाकांच्या घरच्यांनी जाळं काकाजींना दिलं. ते आता आमच्या ओसरीत खुंटीला आहे. काकाजींना फेकता येत नाही, मला तर नाहीच नाही. पण रविवार आला की भोंगा वाजतो. नवं शिसं आता ते मागत नाहीत. जाळ्याचे चारदोन मणी सोडवतात, वितळवतात, त्याच साच्यात, त्याच मापाचे परत ओततात आणि परत ओवतात. गल्लीला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं सरकलं. मला तसं वाटत नाही. मी फडकं बांधून जवळ बसतो, आणि कधी कधी वाटतं, त्या दोघांपैकी एकानं तरी ते एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. कुणीही एकानं. मग स्वतःलाच विचारतो, बोलले असते तर रविवारी तलावावर कशाला गेले असते?

परवा साचा उघडला. मणी निघाला. काकाजींनी हात धुतले, तळवे मला दाखवले आणि मणी आरशावर सोडला. तो सरळ घरंगळत गेला, काठावर त्यांनी तो बोटानं अडवला.

"संत्या," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "त्या दिवशी शिसंच खराब होतं ना रे?"

दर रविवारी विचारतात. मंगलकाकांना मी शब्द दिलेला आहे.

"हो काकाजी. शिसंच खराब होतं."

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि फुंकर मारून साच्यातली काजळी उडवू लागले.